टॅलिनमधले आठ तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमची मुलगी स्टॉकहोमला असते. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिने आम्हाला बाल्टिक समुद्रातल्या एका क्रूझची तिकिटं काढून दिली. क्रूझ म्हणजे काय, तर तरंगतं हॉटेल. रात्री आपण झोपलेलो असताना ते चालतं आणि सकाळी डोळे उघडावेत तर नव्या गावाच्या धक्क्याला लागलेलं असतं. दिवसभर गाव बघायचं, संध्याकाळी ठरल्या वेळी परत यायचं. पुन्हा रात्रभर समुद्र.

ऐकायला हे फार सुखाचं वाटतं. पण प्रत्यक्षात त्या एका दिवसाचं काय करायचं, हा मोठा प्रश्न असतो. जहाजावर दोन-अडीच हजार माणसं. त्यातली निम्मी सकाळी बसमध्ये बसतात, सात ठिकाणी उतरून सात फोटो काढतात आणि दमून परत येतात. काही जण जहाजावरून उतरतच नाहीत. आम्हीही पहिल्या रात्री पुस्तक उघडून यादी केली. सतरा ठिकाणं झाली. मुलीला फोन करून वाचून दाखवली, तर ती हसली. म्हणाली, "आई, आठ तासांत शहर बघून होत नाही. एक रस्ता नीट बघून होतो. बाबांचा गुडघाही आहेच की."

म्हणून मग आम्ही टॅलिनमध्ये एकच रस्ता धरला. त्या रस्त्याची, आणि त्या दिवशी आमच्या हातून झालेल्या एका चुकीची, ही हकिगत.

टॅलिन ही एस्टोनियाची राजधानी. फिनलंडच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर वसलेलं साडेचार लाख वस्तीचं शहर. समोर हेलसिंकी, मध्ये सुमारे ८० किलोमीटर पाणी. मी सातारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे समुद्र दिसला की माझं शिकवणं सुरू होतं. बाल्टिक हा उथळ समुद्र. सरासरी खोली ५५ मीटरच्या आसपास. नद्यांचं गोडं पाणी खूप येतं आणि महासागराकडे जायची वाट अरुंद, म्हणून पाणी अगदीच बेताचं खारट. आणि आपल्या कोकणच्या माणसाला नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आपल्याकडे खाडीत मचवा घालायचा तर भरतीची वाट बघावी लागते. तिथे धक्क्याला पाणी सकाळी जिथे, संध्याकाळीही साधारण तिथेच. मात्र हिवाळ्यात आखातात बर्फ होतो. म्हणून क्रूझचा हंगाम मे ते सप्टेंबर.

पूर्वी या फेऱ्यांमध्ये रशियातलं सेंट पीटर्सबर्ग हे मुख्य आकर्षण असायचं. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर मोठ्या कंपन्यांनी ते बंदर वगळलं. आता स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन, रिगा अशी फेरी होते. हे सगळे देश शेंगेन करारातले आहेत, त्यामुळे स्वीडनला जाण्यासाठी काढलेला आमचा शेंगेन व्हिसाच पुरला. पण जहाज मध्येच इंग्लंडसारख्या शेंगेनबाहेरच्या देशात जाणार असेल, तर तिथला व्हिसा वेगळा लागतो आणि शेंगेनचाही एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा लागतो. तिकीट काढण्याआधी बंदरांची यादी घेऊन हे तपासावं.

सकाळी जहाज लागलं. धक्क्यापासून जुनं गाव एक-दीड किलोमीटरवर. प्रवाशांच्या इमारतीच्या छतावरूनच चालायची वाट काढली आहे, तिथून समोर मनोरे, लाल कौलं आणि तटबंदी दिसते. इथे बस करायची गरजच नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायची. जहाजाच्या कंपनीने नेलेल्या सहलीला उशीर झाला, तर सहसा जहाज थांबतं. आपण आपल्या पायांनी गेलो आणि उशीर केला, तर ते थांबत नाही. पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावं लागतं. शिडी उतरण्यापूर्वी लाउडस्पीकरवरून दोनदा सांगितलं, साडेचारच्या आत परत या. ते "साडेचार" आमच्या डोक्यात पक्कं बसलं.

गावात शिरताना पहिला भेटतो तो एक बुटका, अवाढव्य बुरूज. त्याचं नावच मुळी जाडी मार्गारेट. सोळाव्या शतकातलं हे बांधकाम, भिंती काही ठिकाणी चार-पाच मीटर जाड. पूर्वी समुद्र याच्या बराच जवळ होता. पुढे भराव पडला, शिवाय हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून तिथली जमीन अजूनही वर्षाला एक-दोन मिलिमीटर वर येते आहे. या बुरुजाला लागून दरवाजा आहे, त्याला सागरी वेस म्हणावं. वेशीतून आत गेलं की सुरू होतो तो पिक्क नावाचा रस्ता. पिक्क म्हणजे लांब. आपल्याकडे लांब बोळ असतो ना, तसं सरळ नाव.

हाच आमचा रस्ता. आणि हाच का, तर सहा-सातशे वर्षं समुद्रावरून आलेला माणूस याच रस्त्याने गावात शिरला म्हणून. मध्ययुगात उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा एक संघ होता, हान्सा नावाचा. ल्युबेक हे त्यातलं प्रमुख शहर. टॅलिनचं तेव्हाचं नाव रेवाल. १२४८ साली या गावाने ल्युबेकचा कायदा स्वीकारला. पश्चिमेकडून मीठ, खारवलेले हेरिंग मासे, कापड यायचं. पूर्वेकडून, म्हणजे रशियातल्या नोव्हगोरोदकडून, कातडी, लोकर असलेली फर आणि मेण. मध्ये बसून गाव श्रीमंत झालं. "टॅलिन मिठावर उभं आहे" असं तिथे म्हणतात, ते यामुळे.

पिक्क रस्त्यावरच्या घरांकडे नीट बघा. उंच, अरुंद, त्रिकोणी माथ्याची घरं. माथ्याजवळ एक तुळई बाहेर आलेली दिसते. तिला कप्पी लावून पोती वर ओढायची. खाली व्यापारी राहणार आणि वरचे मजले म्हणजे कोठार. माल वर का? कारण तिथे ओल नाही, उंदीर कमी आणि चोरही पोचत नाही. तीन घरं एकमेकींना चिकटून उभी आहेत, त्यांना "तीन बहिणी" म्हणतात. आमचे हे आयुष्यभर मार्केट यार्डात हिशेब लिहीत होते. त्या तुळईखाली ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. म्हणाले, "अगं, हे तर आपलं गूळ-हळदीचं गोदाम."

पुढे संत ओलाफचं चर्च लागतं. त्याचा मनोरा जवळपास १२४ मीटर उंच, म्हणजे आपल्या कुतुबमिनाराच्या पावणेदोनपट. एके काळी जगातली सर्वांत उंच इमारत हीच, असं गावकरी अभिमानाने सांगतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. पण समुद्रावरून येणाऱ्या खलाशाला गाव आलं हे या मनोऱ्यामुळे कळायचं, एवढं खरं. वीज पडून तो जळालाही आहे आणि पुन्हा बांधला आहे. सोव्हिएत काळात केजीबी या गुप्तहेर खात्याने त्याचा उपयोग रेडिओच्या कामासाठी केला. आणि थोड्याच अंतरावर, याच रस्त्यावर, केजीबीची कचेरी होती. तिथल्या तळघराच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या होत्या, आतला आवाज रस्त्यावर येऊ नये म्हणून. आज तिथल्या कोठड्या लोकांना बघता येतात. आम्ही आत गेलो नाही. बाहेर थोडं थांबलो आणि पुढे निघालो.

रस्त्यावर पुढे "काळ्या शिरांचा" संघ भेटतो. हा अविवाहित तरुण व्यापाऱ्यांचा संघ. त्यांचा पाठीराखा संत मॉरिस, आफ्रिकी चेहऱ्याचा. त्याचं शिर दारावर कोरलेलं आहे. लग्न झालं की तरुण या संघातून निघून मोठ्या व्यापारी श्रेणीत जायचा. त्या श्रेणीची इमारत १४१० ची, आता तिथे इतिहासाचं संग्रहालय आहे. तिच्यासमोर पवित्र आत्म्याचं छोटंसं चर्च. त्याच्या भिंतीवर १६८४ सालचं कोरीव लाकडी घड्याळ आहे, निळं आणि सोनेरी. याच चर्चमध्ये सामान्य एस्टोनियन माणसांसाठी त्यांच्या भाषेत प्रार्थना व्हायची. गावावर सत्ता जर्मन बोलणाऱ्या व्यापाऱ्यांची होती. एस्टोनियन बोलणारे नोकर, हमाल, कारागीर. इथल्या पाद्र्याच्या हातचा एस्टोनियन मजकूर असलेलं धर्मशिक्षणाचं पुस्तक १५३५ साली छापलं गेलं. त्या भाषेतलं आज हाती असलेलं सर्वांत जुनं छापील पुस्तक ते हेच. त्याची काही पानंच तेवढी उरली आहेत.

त्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते. माझ्या मनगटावर पावणेदहा. मी यांना लगेच समजावून सांगितलं, की एस्टोनिया स्वीडनच्या पूर्वेला, म्हणून इथे एक तास पुढे. हे घड्याळाचा फोटो काढत होते. "बरं" म्हणाले.

तिथून दोन मिनिटांवर नगरभवनाचा चौक. नगरभवन १४०४ साली पूर्ण झालेलं. टोकावर म्हातारा टॉमस नावाचा पत्र्याचा शिपाई वारा कुठला आहे ते दाखवतो. पहिला टॉमस १५३० साली बसवला. चौकाच्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. १४२२ सालच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख आहे आणि आजही तिथे औषधं मिळतात. बुर्खार्ट नावाच्या एकाच घराण्याच्या दहा पिढ्यांनी ते चालवलं. तिथे आम्ही यांच्या गुडघ्याला लावायचं मलम घेतलं. सहाशे वर्षांच्या दुकानातलं मलम म्हणून यांना गुण जरा लवकरच आला!

जेवायला काळी राय ब्रेड, मशरूमचं सूप आणि बटाटे. शाकाहारी माणसाचं अडत नाही. एक सांगते, जहाजावर जेवण फुकट आहे म्हणून जेवणासाठी परत जाऊ नका. जाण्या-येण्यात दीड तास जातो, आणि ज्या गावाने आपल्याला दिवसभर वागवलं त्याच्या पदरात दोन पैसेही पडत नाहीत. एस्टोनियात २०११ पासून युरो चालतो. नळाचं पाणी पिता येतं. पायांत मात्र बूट हवेत. रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत, चपलेने पाय मुरगळलाच म्हणून समजा.

जेवून तटाच्या कडेला गेलो. तिथे भिंतीला लागून बायका लोकरीचे मोजे, टोप्या, स्वेटर विकायला बसतात. साठीच्या एका बाईंकडून मी मोजे घेतले. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं, मला थोडं. मी हात जोडले तर त्यांनी ते हातात घेतले आणि विचारलं, कुठून आलात? मग बोलता बोलता त्यांनी १९८९ ची गोष्ट काढली.

ती गोष्ट अशी. १९१८ साली एस्टोनिया स्वतंत्र झाला. १९४० साली सोव्हिएत संघाने गिळला, मग तीन वर्षं जर्मन, १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत. हजारो माणसं सायबेरियात गेली. पण या लोकांना सामुदायिक गाण्याची फार जुनी सवय. त्यांचा पहिला गीतमहोत्सव १८६९ सालचा. १९८८ च्या उन्हाळ्यात टॅलिनच्या गायन मैदानावर लोक रात्र रात्र जमून बंदी असलेली देशभक्तीची गाणी म्हणू लागले. म्हणून त्या चळवळीला "गाणारी क्रांती" म्हणतात. २३ ऑगस्ट १९८९ रोजी टॅलिनपासून रिगामार्गे लिथुआनियातल्या व्हिल्नियसपर्यंत, सुमारे ६०० किलोमीटर, माणसांनी हातात हात घालून साखळी केली. सुमारे वीस लाख माणसं होती. २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला.

मोजे विकणाऱ्या बाई त्या साखळीत होत्या. एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी माणूस. "त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. एवढं सांगून त्यांनी मोजे कागदात गुंडाळून दिले. यादीतली सतरा ठिकाणं करत बसलो असतो, तर या बाई भेटल्या नसत्या.

मग टेकडी. टॅलिनचा वरचा भाग तो टूम्पिया. खाली व्यापारी, वर सरदार, बिशप आणि राज्यकर्ते. दोघांचं फारसं पटत नसे आणि रात्री मधलं दार बंद होई. वर जायला दोन वाटा, एकीचं नाव लांब पाय आणि दुसरीचं आखूड पाय. एक पाय लांब, एक आखूड, म्हणून टॅलिन लंगडतं, असा तिथला विनोद आहे. हे म्हणाले, "म्हणजे गाव माझ्यासारखंच की!" आम्ही लांब पायाने गेलो, तिचा चढ सौम्य आहे. वर रशियन झारच्या काळातलं, १९०० साली पुरं झालेलं कांद्यासारख्या घुमटांचं चर्च आहे. समोर संसद आणि मागे उंच हेर्मान नावाचा बुरूज. त्यावर निळा-काळा-पांढरा ध्वज. सोव्हिएत काळात तो ठेवणं हा गुन्हा होता. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी तो पुन्हा तिथे चढला.

टेकडीच्या कडेला सज्जासारखी जागा आहे. खाली सगळं गाव, लाल छपरं, ओलाफचा मनोरा आणि त्यापलीकडे समुद्र. धक्क्याला आमचं पांढरं जहाज. आम्ही निवांत बसलो. तेवढ्यात यांनी मोबाइल बघितला आणि ताडकन उठले. "अगं, चारला दहा कमी! साडेचारला जहाजावर हवं!"

आम्ही निघालो ते जवळजवळ पळतच. उतार, गोटे, यांचा गुडघा. वाटेत ते १६८४ चं घड्याळ पुन्हा लागलं, त्यातही चार वाजून गेलेले. मी तर मनात पासपोर्ट, मुलीचा फोन नंबर, हेलसिंकीची बोट, सगळं आठवू लागले. पिक्क रस्ता सकाळी किती छान वाटला होता, आता संपेचना. घामाघूम होऊन जाड्या मार्गारेटपाशी आलो. यांचा चेहरा वेदनेने पांढरा पडला होता. आणि तिथे माझी नजर सहज मनगटाकडे गेली. तीन वाजून वीस मिनिटं.

आधी वाटलं घड्याळ बंद पडलं. मग उजेड पडला. आमचं जहाज स्टॉकहोमहून निघून स्टॉकहोमलाच परत जाणारं, म्हणून फेरीभर त्याने स्वीडनचीच वेळ ठेवली होती. आदल्या रात्री केबिनमध्ये ठेवलेल्या पत्रकात लिहिलंही होतं, की घड्याळ बदलू नका. मोबाइल मात्र किनाऱ्यावर उतरताच आपोआप तिथली वेळ दाखवू लागला. जहाजाचे साडेचार म्हणजे गावातले साडेपाच. आमच्याकडे तास-सव्वा तास शिल्लक होता. तीस वर्षं मी मुलांना रेखावृत्तं शिकवली, सकाळी यांना पाठही दिला, आणि दुपारी घाबरल्यावर सगळं विसरले! आमची चूक सुदैवाने सुलट्या बाजूची. काही फेऱ्यांत ती उलट्या बाजूची होते, आणि माणसं धक्क्यावर उभी राहून आपलं जहाज जाताना बघतात. म्हणून शिडी उतरताना एवढंच विचारा, परत यायची वेळ ही जहाजाची की गावाची? आणि एक साधं हातघड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा.

चालणं तर शक्यच नव्हतं. बुरुजाशेजारच्या हिरवळीवर आम्ही बसलो. तिथे काळ्या रंगाची एक मोठी धातूची कमान आहे, मध्येच तुटलेली. जवळ दगडावर नावं, ओळीने नावं. सकाळी याच्या शेजारून गेलो होतो, लक्ष गेलं नव्हतं.

२७ सप्टेंबर १९९४ च्या संध्याकाळी "एस्टोनिया" नावाची मोठी प्रवासी बोट टॅलिनहून स्टॉकहोमला निघाली. समुद्र खवळलेला होता. मध्यरात्रीनंतर तिच्या नाकाडाचं झाकण लाटांच्या माऱ्याने निखळलं, मोटारी ठेवण्याच्या मजल्यावर पाणी शिरलं आणि तासाभरात बोट बुडाली. बोटीवर ९८९ माणसं होती. १३७ वाचली, ८५२ गेली. पाचशेहून अधिक स्वीडिश, आणि एस्टोनियनही पावणेतीनशेच्या वर. ही कमान त्यांचं स्मारक. तिचं नाव "तुटलेली रेषा". या अपघातानंतर अशा बोटींच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले.

आम्ही स्टॉकहोमहून टॅलिनला आलो होतो. मुलगी स्टॉकहोमला होती. ही तीच वाट, फक्त उलट दिशेची. जहाजावर पहिल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून जीवरक्षक जाकीट कसं घालायचं आणि कुठे जमायचं ते शिकवलं होतं, तेव्हा "हा काय पोरखेळ" म्हणून हे कुरकुरले होते. तिथे बसून त्यांनी ती नावं बराच वेळ बघितली. एकच आडनाव दोनदा, तीनदा येत होतं. काही बोलले नाहीत. मलम लावून झाल्यावर म्हणाले, "आपल्या जमायच्या जागेचा नंबर काय गं?" मलाही आठवला नाही.

चार वाजता, म्हणजे जहाजाच्या चार वाजता, आम्ही हळूहळू चालत धक्क्यावर आलो. केबिनमध्ये जाण्याआधी दोघांनी ती जमायची जागा शोधली, तिथून आमच्या दारापर्यंतच्या पायऱ्या मोजल्या, आणि मग डेकवर गेलो. पाचला जहाज सुटलं. जूनमध्ये तिथे रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे ओलाफचा मनोरा बराच वेळ दिसत राहिला. मुलीचा फोन आला. तिने विचारलं, "काय काय बघितलंत?"

हे म्हणाले, "एक रस्ता. जाताना आणि येताना."